उरलेली हिरवी वायर

स्नेहल : नाही आई, थांब. मी दूध काढायला गेले तर तू म्हणालीस, आधी चप्पल घाल. स्वयंपाकघरात चप्पल? बाहेरून आल्यावर पाय धुतल्याशिवाय तू मला ओट्यापाशी फिरकू देत नाहीस, आणि आज तूच सांगतेस चप्पल घाल?

छाया : अगं, ती बाहेरची नाही. ती फ्रीजची चप्पल आहे. दाराबाहेर कधी जातच नाही ती. दर शुक्रवारी साबणानं धुते मी.

स्नेहल : फ्रीजची चप्पल.

छाया : ती बघ, निळी. घालायची, दार उघडायचं, काय हवं ते घ्यायचं, दार लावायचं, चप्पल काढायची. सवय झाली की काही वाटत नाही बघ.

स्नेहल : आणि नाही घातली तर?

छाया : तर जरा झिणझिण होते हाताला.

स्नेहल : नाना, तो पेपर ठेवा खाली.

रंगनाथ : ऐकतोय मी. डोळे पेपरात हायेत, कान नाय.

स्नेहल : फ्रीज शॉक देतोय तुमचा.

रंगनाथ : शॉक नाय तो. शॉक म्हंजे माणूस फेकला जातो. ह्या नुसत्या मुंग्या. जुना फ्रीज हाय, त्याचं थोडं चालवून घ्यायला लागतं. गार तर करतो ना? तुझ्या लग्नाच्या आधीपासून करतोय.

स्नेहल : नाना, मी कंपनीत काय काम करते?

रंगनाथ : आता हे काय नवीन?

स्नेहल : सांगा ना.

रंगनाथ : सॉकेट तपासतीस. प्लग तपासतीस. सगळ्या मखमलाबादला सांगून बसलोय मी, की आमच्या पोरीनं पास केल्याशिवाय अंबडच्या त्या कंपनीतून एक बटण बाहेर पडत नाय.

स्नेहल : मग बघा. पिनेची जाडी केसभर कमी भरली तरी मी अख्खी पेटी परत पाठवते. वरिष्ठांशी भांडते, शिव्या खाते. आणि माझ्या माहेरी फ्रीजला चप्पल लागते. हे मी कंपनीत कुणाला सांगू तरी शकते का?

छाया : नको सांगू बाई कुणाला.

स्नेहल : आई, प्रश्न तो नाहीये. आज माझी रजा संपते. उद्या सकाळी मी गोदाला तुमच्याकडे सोडून कामाला जाणार आहे. तिचे कपडे, तिची खिमटाची वाटी, तिची चादर, सगळं आज आणून टाकलंय. पोरगी रांगते. जे दिसेल त्याला हात लावते. माझ्या सासूबाई केव्हाच्या म्हणताहेत, तिला येवल्याला पाठवा, आम्ही सांभाळतो. मीच नको म्हटलं. येवल्याला ठेवली तर आठवडाभर तिचं तोंड दिसणार नाही मला. मनोजला म्हटलं, तुझ्या आईकडे नको, माझ्या आई-नानांकडे राहील, संध्याकाळी ड्युटी सुटली की मी घेऊन जाईन. आणि इथं बघते तर हे.

रंगनाथ : गोदी फ्रीजकडं जात नाय. हा आठवडाभर सवयीसाठी तू तिला सोडून जातीस ना, तवा मी तिला शिकवलंय. तिकडं 'हाऊ' बसलाय म्हणून सांगितलंय.

स्नेहल : ती एक वर्षाचीसुद्धा नाही, नाना.

रंगनाथ : हुशार हाय.

स्नेहल : बरं, मला एक कळत नाही. लग्नानंतर मी मीटरशेजारी ते बटण बसवून घेतलं होतं. करंट कुठं गळायला लागला की खटकन पडतं ते, घरभर लाईट जाते. फ्रीजला झिणझिण आहे, तर ते पडत कसं नाही? खराब झालं का? आई, तू नानांकडे काय बघतेस?

छाया : मी कुठं बघतेय.

रंगनाथ : ते डायरेक्ट केलं.

स्नेहल : म्हणजे?

रंगनाथ : म्हंजे ते हाय जागेवर, पण मधून वायरचा तुकडा टाकून घेतलाय सहादूकडून. आता नाय पडत.

स्नेहल : सहादू? चक्कीवाला?

रंगनाथ : चक्कीची मोटार तोच तर दुरुस्त करतो.

स्नेहल : नाना, ते बटण मी किती मागे लागून बसवलं होतं माहितेय तुम्हाला? तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, पोरीनं घराला कवच घातलं. तुम्हीच म्हणाला होतात.

रंगनाथ : म्हनलो होतो. मंग तुझ्या कवचानं काय केलं ते इचार तुझ्या आईला.

छाया : जाऊ द्या ना. झालं गेलं.

रंगनाथ : नाय, सांग तिला. तिला वाटतं आपण येडे हाओत.

छाया : अगं, पिंपळगावला साखरपुडा होता ना, तुझ्या मामेभावाचा, सोमनाथचा. तू सातवा महिना म्हणून आली नव्हतीस. आम्ही दोन दिवस राहिलो तिकडं. परत आलो तर घरात अंधार. बटण पडलेलं. कधी पडलं कोण जाणे. फ्रीजमधलं सगळं आंबून गेलं होतं. ते मी फेकून दिलं, पण माझी इन्सुलिनची बाटली तशीच ठेवली. मला काय ठाऊक ती गरम झाली की निकामी होते? दिसायला तर पाण्यासारखीच. मी आपली रोज टोचत राहिले.

स्नेहल : आई.

छाया : मग घेरी आली. न्हाणीत पडले. साखर म्हणे फार चढली होती.

स्नेहल : तुम्ही मला सांगितलं होतंत की उन्हानं घेरी आली.

छाया : तू पोटुशी होतीस गं. तुला काय सांगायचं?

रंगनाथ : दवाखान्याच्या बाहेर मी बसलो होतो बाकावर. एकटा. डॉक्टर येऊन म्हनला, अजून थोडा उशीर केला असता तर अवघड होतं. तुझं बटण पडलं म्हणून तुझी आई पडली. मंग मी काय त्याची पूजा करू? घरी आलो आन् पहिलं काम ते धरलं.

स्नेहल : मला फोन करायचा होता, नाना. बाकी काही सांगायचं नव्हतं. फक्त विचारायचं, बटण का पडतंय.

रंगनाथ : ते मी माझं शोधलं की. एवढा काय मी हा नाय. दिवसभर बसून पाह्यलं. फ्रीज लावला की पडतं, काढला की नाय पडत. म्हंजे भांडण फ्रीजचं आन् बटणाचं. मंग मी फ्रीजच्या प्लगचं तीन पिनचं टॉप कापलं, दोन पिनचं लावलं. झालं. पडायचं बंद.

स्नेहल : तिसरी पिन कापलीत.

रंगनाथ : फेकली नाय. डब्यात हाय ती.

स्नेहल : देवा. नाना, ती वरची पिन सगळ्यात जाड आणि सगळ्यात लांब असते, ती कशाला?

रंगनाथ : टॉप नीट बसावं म्हणून. आधार असतो त्याला.

स्नेहल : आधार नसतो. ती लांब असते कारण ती सगळ्यांच्या आधी आत गेली पाहिजे आणि सगळ्यांच्या शेवटी बाहेर आली पाहिजे. फ्रीजच्या आत कुठंतरी वायर खराब झाली आणि करंट पत्र्यावर आला, तर त्याला उचलून जमिनीत नेऊन सोडायचं, एवढंच काम आहे तिचं. बटण पडत होतं ते त्यामुळंच. पत्र्यावर करंट आलाय, फ्रीज बिघडलाय, असं ते ओरडून सांगत होतं तुम्हाला. तुम्ही फ्रीज दुरुस्त करायचा सोडून ओरडणाऱ्याचं तोंड बांधलंत.

रंगनाथ : मला काय ठाऊक ते ओरडतंय? मला वाटलं खराब निघालं.

स्नेहल : आणि त्यानंतर पडायचं थांबलं?

छाया : थांबलं. पण मग मी हात लावला की पडायला लागलं.

स्नेहल : काय म्हणालीस?

छाया : म्हणजे भांडी घासून यायचे, हात ओले, फ्रीजला हात लावला की हाताला चटका आणि घरातली लाईट गुल. तुझ्या नानांनी लावला तर काही नाही. मी लावला की लाईट जाणार. दोन-तीनदा झालं. नाना म्हणाले, तुझ्याच हाताला काय होतं गं? मलाही तसंच वाटायला लागलं. गल्लीतल्या नवसाबाईंना विचारलं, त्यांनी लिंबू उतरवून दिलं माझ्यावरून. ते फ्रीजवर ठेवलं होतं मी आठवडाभर.

स्नेहल : लिंबू.

छाया : हसू नकोस.

स्नेहल : मी हसत नाहीये, आई. मला रडू येतंय. नाना, तुम्ही घरात चप्पल घालता ना? टाचेसाठी?

रंगनाथ : डॉक्टरनंच सांगितलंय. मंग तेच तर. मीच शोध लावला. म्हनलं, माझ्या पायात चप्पल असती, छायाच्या नसती. तिलापण घालायला लावली. चप्पल घातली की चटका नाय, लाईट जात नाय. पण ही इसरायची. घाईत तशीच जायची, आन् परत अंधार. तिचं इन्सुलिन परत गरम झालं तर? म्हणून सहादूला बोलावलं आन् ते बटणच डायरेक्ट करून टाकलं. एकदाची कटकट मिटली.

स्नेहल : आई, तू माझ्याकडे बघ. तू ओल्या हातानं फ्रीज धरलास तेव्हा करंट तुझ्या अंगातून जमिनीत जायला लागला. डोळ्याची पापणी लवायच्या आत त्या बटणानं लाईट तोडली. म्हणून तुला नुसता चटका बसला. दोन-तीनदा झालं म्हणतेस ना? दोन-तीनदा त्यानं तुला वाचवलं. तुझ्या हातात काही नव्हतं गं. लिंबू कसलं उतरवून घेतेस.

छाया : मला वाटलं माझाच काही दोष.

स्नेहल : आणि आता ते बटणही नाही, पिनही नाही. आता तुझ्या आणि त्या करंटच्या मधे फक्त ती निळी चप्पल आहे.

रंगनाथ : नाय, तसं नाय. थांब. तू बापाला अगदीच अडाणी समजू नको. अर्थिंग केलंय मी.

स्नेहल : कुठं?

रंगनाथ : दोन पिनचं टॉप लावलं तर ती हिरवी वायर उरली होती लोंबकळत. म्हनलं, हिला काहीतरी कामाला लावावं. तूच मागं सांगितलं होतंस, हिरवी म्हंजे जमिनीची. मंग तिला दुसरी वायर जोडली, खिडकीतून मागं काढली, आन् परसातल्या मांडवाच्या अँगलला आवळून बांधली. लोखंडाचा अँगल. द्राक्षाचा. वादळात बाग पडला तरी ते अँगल हालत नाय. एवढी शेती गेली, प्लॉट पडले, तेवढ्या चार वेली आन् तेवढा मांडव ठेवलाय मी दाराशी. त्याच्याइतकं जमिनीत घट्ट ह्या घरात काय हाय?

स्नेहल : नाना.

रंगनाथ : आता काय चुकलं?

स्नेहल : मागच्या दिवाळीत परसात फरशी घातलीत तुम्ही. मला व्हिडिओ कॉल करून दाखवली होती.

रंगनाथ : मंग?

स्नेहल : अँगलची बुडं गंजली होती म्हणून खालून कापून घेतलेत, आणि फरशीवर पट्ट्या मारून नटबोल्टनं उभे केलेत. मला म्हणालात, बघ, आता मांडव गंजायचा नाय, मातीला लागतच नाय.

रंगनाथ : मातीला लागतच नाय, हे खरं हाय.

स्नेहल : मग तो करंट जाईल कुठं?

रंगनाथ : वायर जोडल्यावर फ्रीजची झिणझिण कमी झाली होती. छाया, झाली होती ना?

छाया : कमी झाली का मला सवय झाली, मला नाही सांगता यायचं.

स्नेहल : तो कुठंच जात नाही, नाना. फ्रीजच्या पत्र्यावरून हिरव्या वायरीत, वायरीतून अँगलवर, अँगलवरून मांडवाच्या सगळ्या तारांवर जाऊन बसतो. आधी एक फ्रीज होता. आता सगळा मांडव फ्रीज झालाय.

छाया : अगं बाई. म्हणून होय.

स्नेहल : काय म्हणून?

छाया : मी कपडे वाळत घालते ना त्याच तारांवर. ओलं पातळ टाकलं की बोटांना चावल्यासारखं व्हायचं. मला वाटलं, तारेला पीळ आलाय, टोचतोय.

स्नेहल : मग तू काय केलंस? नाही, सांगू नकोस. तिथंही चप्पल ठेवलीस.

छाया : तिथली वेगळी आहे. ती मातीनं भरते ना.

स्नेहल : मी डोकं कुठं आपटू, सांगा मला. भिंतीवर आपटू की तिच्यातही काही सोडलंय तुम्ही?

रंगनाथ : हळू बोल. गोदी झोपलीय झोळीत.

स्नेहल : तुमच्याकडे टेस्टर आहे ना?

रंगनाथ : हाय.

स्नेहल : जा. पायात चप्पल आहेच तुमच्या. अँगलला हात न लावता टेस्टर टेकवा आणि मला येऊन सांगा, दिवा लागतो की नाही. मी सांगून तुम्हाला पटणार नाही.

(रंगनाथ ड्रॉवरमधून टेस्टर काढतो आणि मागच्या दारानं परसात जातो.)

छाया : एवढं तोडून बोलू नकोस गं त्यांना. तुझ्यासाठी, माझ्यासाठीच करतात सगळं. मी दवाखान्यातून आले तर महिनाभर रात्री उठून फ्रीज चालू आहे का बघायचे. दार उघडून हात घालून बघायचे, गार आहे ना.

स्नेहल : मला कळतंय आई. तेच तर. वाईट हेतूनं केलं असतं तर भांडून मोकळी झाले असते. आता कुणाशी भांडू?

छाया : आणि आम्ही काळजी घेतलीच होती ना गोदाची. हे बघ, तुला दाखवायचंच राहिलं. रविवार कारंजाच्या बाजारातून आणल्या. रबराच्या आहेत, चांगल्या जाड. गुलाबी मिळाल्या. पाऊल टाकायला लागली की घालीन तिला, स्वयंपाकघरात आली तरी चिंता नको.

स्नेहल : दाखव इकडे.

छाया : मोठ्या वाटतात का? वाढत्या पायाच्या घेतल्या.

स्नेहल : आई, ह्या कशाला आणल्यास तू?

छाया : म्हटलं ना, फ्रीजपाशी —

स्नेहल : एवढ्याशा पायाला शोधून शोधून चप्पल आणलीस तू. चार दुकानं फिरली असशील. रबर दाबून बघितलं असशील. तेवढ्यात एकदासुद्धा तुझ्या मनात आलं नाही का, की फ्रीजच बदलावा?

छाया : चालतोय ना गं तो. चालणारी वस्तू कशी टाकायची?

स्नेहल : गोदा येवल्याला जाईल.

छाया : असं नको करू.

स्नेहल : आज संध्याकाळी मनोज नेऊन सोडेल तिला. मी नाही ठेवू शकत इथं. माझं डोकं ठिकाणावर राहणार नाही कामात.

छाया : अहो, आलात का? अहो, ही बघा काय म्हणतेय.

स्नेहल : लागला दिवा?

रंगनाथ : लागला.

स्नेहल : कसा?

रंगनाथ : चांगला लागला. मांडवाच्या त्या टोकाला लावला, तिथंपण लागला. गोदी कुठं जाणार?

छाया : येवल्याला म्हणतेय.

रंगनाथ : येवल्याला कशाला? मी आत्ता काढतो वायर. पक्कड घेतो, कापतो. झालं. एवढ्यासाठी पोरीला घराबाहेर काढतीस का? स्नेहल, अगं तिला इथं करमतं. तिकडं तिची वळख तरी हाय का कुणाशी? इथं मी सकाळी दार उघडलं की हात पसरती माझ्याकडं. मला बघून दूध पिती, न्हाय तर पीत नाय.

स्नेहल : नाना, तुम्ही वायर कापाल आणि पुन्हा काहीतरी नवीन शोध लावाल. मला भीती तुमच्या करंटची नाही, तुमच्या शोधांची आहे.

रंगनाथ : आता नाय लावणार. शपथ. हे बघ, मी तुला एक दाखवणार होतो. काल तू दारातूनच तिला घेऊन गेलीस, आन् आज आल्यापासून सांगतोय तर तू ऐकतच नाय. तू काल कंपनीत कागद भरायला गेलतीस ना, तवा गोदी उभी राह्यली.

स्नेहल : काय?

रंगनाथ : उभी राह्यली. आपली आपण. तू पाहिलं पाह्यजे म्हणून मोबाईलमधे घेतलंय मी. छायाला म्हनलं, फोनवर सांगायचं नाय, आल्यावर डोळ्यांनी बघू दे. हे घे. आवाज मोठा कर.

छाया : किती हसली बाई. स्वतःलाच नवल वाटलं तिला.

स्नेहल : उभी राहिली. खरंच की. बघ, कशी डुलतेय. कोणी शिकवलं गं तुला, शहाणे. नाना, हे कुठं आहे?

रंगनाथ : परसात. मी वेलींना पाणी घालत होतो, ही मागं मागं रांगत आली. मंग अशी थांबली, वर बघितलं, आन् हाताला जे लागलं ते धरून —

स्नेहल : काय धरलंय तिनं?

रंगनाथ : अँगल.

छाया : अगं आई गं.

स्नेहल : पाय ओले आहेत तिचे. खाली पाणीच पाणी आहे. दोन्ही हातांनी धरलंय.

छाया : पण तिला काही झालं नाही ना. ती हसत होती. तूच बघ ना, हसतेय. स्नेहल, तिला काही कसं झालं नाही?

रंगनाथ : काल शनिवार होता.

छाया : म्हणून काय?

रंगनाथ : लाईट नव्हती. सकाळपासून लाईनचं काम चाललं होतं. म्हणूनच तर मी परसात होतो, आत उकडत होतं. छाया, लाईट कधी आली?

छाया : तुम्ही शूटिंग घेत होतात आणि आत पंखा लागला. मी दारातून हाक मारली ना, लाईट आली, उन्हात नका उभे राहू, आत आणा तिला.

रंगनाथ : मंग मी तिला उचलली.

छाया : हो.

रंगनाथ : तिनं अँगल सोडला होता का त्या टायमाला?

छाया : मला नाही आठवत.

रंगनाथ : मोबाईल दे इकडं. माझा आवाज असंल त्यात शेवटी. मी तिला म्हनतोय, सोड, सोड बाळा, आजी बोलावती. ती सोडत नव्हती. मी बोटं सोडवली तिची. एक एक करून सोडवली. लाईट आली होती आतमधे?

स्नेहल : बंद करा तो मोबाईल, नाना.

रंगनाथ : पंखा आधी लागला का मी आधी उचलली?

स्नेहल : नाना, बसा तुम्ही. पाणी देते.

रंगनाथ : नको पाणी. मेन कुठाय? मीटरजवळचा मोठा खटका. मी बंद करून येतो आधी.

स्नेहल : मी करते.

रंगनाथ : मला करू दे.

छाया : जाऊ दे त्यांना. अहो, सावकाश. चप्पल आहे ना पायात?

स्नेहल : आई, इन्सुलिन काढून घेऊ आत्ताच. आता लाईट नसेल, फ्रीज उघडला तरी चालेल. शेजारच्या लताबाईंच्या फ्रीजमधे ठेव ती. डब्यात घालून दे, त्यांना सांग दारात ठेवू नका, मधल्या कप्प्यात ठेवा.

छाया : लताबाई ठेवतील. काही बोलणार नाहीत त्या. ह्या गुलाबी चपलांचं काय करू?

स्नेहल : ठेव माझ्या पिशवीत.

रंगनाथ : बंद केला मेन. स्नेहल, एकदा येऊन बघ, नीट झालाय का.

स्नेहल : पंखा थांबला ना. झालाय नीट. मी कंपनीतल्या सावळीराम काकांना फोन करते. ते येतील उद्या, सगळे बोर्ड उघडून बघतील. जमिनीत खड्डा घेऊन खरं अर्थिंग करतील. बटण परत जोडतील. आणि हा फ्रीज आज भंगारात जाईल. मी तुमचं ऐकणार नाही.

रंगनाथ : मी काय म्हनलो का?

स्नेहल : काही म्हणाला नाहीत. म्हणून तर सांगतेय.

रंगनाथ : तू तिला येवल्याला ने.

छाया : अहो, आता ती दुरुस्त करून घेतेय ना सगळं. दोन दिवसांचा प्रश्न आहे.

रंगनाथ : दोन दिवसांचा असो, दोन महिन्यांचा. तिला ने. मी म्हनतोय ना. तुझ्या सासूबाईंना म्हणावं नीट सांभाळा. त्यांच्या घरी बटण बसवून घे आधी. माझ्यासारखा कुणी असंल तिथं तर त्याला हात लावू देऊ नको.

स्नेहल : नाना.

रंगनाथ : तिला वाटलं, आजोबा जवळ हायेत. म्हणून धरलं तिनं. मी समोर उभा राहून शूटिंग घेत होतो.

छाया : उठली बघ ती. पंखा बंद झाला की लगेच जाग येते तिला.

स्नेहल : नाना, घ्या तिला. मी आईला डबा भरून देतेय.

रंगनाथ : तू घे.

स्नेहल : तुम्हालाच बघतेय ती. हात पसरलेत.

रंगनाथ : माझ्या हातांवर आता माझाच भरवसा नाय, बाई. पडंल ती.

स्नेहल : मग बसून घ्या. इथं, खाली बसा, भिंतीला पाठ टेकवा. मी देते तुमच्या मांडीवर.